मागची गाडी

सगळ्यांच्या मागे मी.
डेलिका जपानहून आलेली, स्टिअरिंग उजवीकडे,
त्यामुळे कडा जिकडे, तिकडे माझं ढोपर.
टपावर दोन जादा सायकली,
मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेल्या बारा कुब्दारी,
लामारानं पहाटे चारला थापलेल्या,
अजून इतक्या गरम
की मागची काच धुरकटलीय.

त्सोत्ने, माझा भाचा, सगळ्यात पुढे.
पाच भाषांत त्याला एकच वाक्य नीट येतं:
आता थोडंच राहिलं.

उश्गुलीचे बुरूज खाली बारीक होत होत
सांडलेल्या डाळीएवढे झाले.
वर श्खारा, अर्धी ढगात.
रस्त्यात गाई. त्यांना हॉर्न कळत नाही,
सायकलची घंटी कळते. का, ते मला माहीत नाही.

कार्यक्रमात छापलंय:
चौथा दिवस. झगारची खिंड. जेवण. स्थानिक गोष्ट.

ती स्थानिक गोष्ट म्हणजे माझा बाप.

लेन्तेखीहून मिठाचं पोतं पाठीवर घेऊन
तो ही खिंड पलीकडच्या अंगानं चढायचा.
भाचा हे हात पसरून सांगतो, वाऱ्याकडे पाठ करून.
गेल्या वर्षी पोतं चाळीस किलोचं होतं,
यंदा साठचं झालंय.
मी मधे बोलत नाही.
ओझं आता त्याच्याकडे आहे, वाढवायचं तर वाढवू दे.

सगळ्यात शेवटी लिबुशे.
ब्रनोची, सदुसष्ट वर्षांची, गुडघ्याला पट्टी.
खिडकीतून विचारलं, बसता का?
नाही.
पुढच्या वळणावर विचारलं. नाही.
त्याच्या पुढच्यावर मी गप्प बसलो,
तर तिनंच मान वळवून सांगितलं: नाही.
हे सगळं रशियनमध्ये.
तिला ती शाळेत सक्तीनं शिकवलेली, मला फौजेत.
दोघांनाही नकोशी ती भाषा,
त्या घाटात शेजाऱ्याच्या पातेल्यासारखी
ऐन वेळी उपयोगी पडली.

आम्ही वर पोचलो तोवर
बाकीचे फोटो काढून काढून गार पडले होते.
मी कुब्दारी फोडल्या. वाफ, कांदा, मांस,
आणि आमचं मीठ: लसूण, निळी मेथी,
झेंडूच्या पाकळ्या वाळवून कुटलेल्या.
लामारा म्हणते, मीठ पुरायचं नाही
म्हणून त्यात एवढं सगळं भरायची सवय लागली.
खरं-खोटं तिला ठाऊक.

गोष्ट संपली. टाळ्या झाल्या.
लिबुशेनं वाजवल्या नाहीत, तिचे हात तेलकट होते.
तिनं विचारलं, भाच्याला नाही, मला:
वाटेत काय खायचा तो?

एकवीस वर्षं ही वाट चालवतोय.
लोक विचारतात किती किलो, किती दिवस,
लांडगे होते का.
हे कोणी विचारलं नव्हतं.

जवाची भाकरी, मी म्हणालो.
आणि?
आणि काही नाही. अळणी.

पोतं गावात आलं की तराजूवर चढायचं.
सात घरांचं मीठ ते.
चिमूटभर कमी भरलं तर कोणी बोलायचं नाही,
नुसतं बघायचं.
लोक खाल्ल्या मिठाला जागतात.
हा न खाल्ल्या मिठाला जागला.

हे मला रशियनमध्ये नीट जमलं नाही.
मी एवढंच म्हणालो,
मीठ पाठीवर, तोंडात नाही.

ती बराच वेळ घास चावत राहिली.
मग उरलेला तुकडा रुमालात बांधला,
जर्सीच्या मागच्या खिशात ठेवला, कमरेच्या जरा वर,
आणि हेल्मेटचा पट्टा लावला.

उतार सगळा खडीचा. त्सोत्ने ओरडला, ब्रेक सांभाळा.
मी दुसरा गिअर टाकला.
ती माझ्यासमोर होती, वळणामागून वळण,
आणि पाठीवरच्या त्या खिशाशी
तेलाचा डाग हळूहळू
मोठा होत होता.